विषाचा पत्ता

३० जून २०२५ च्या सुमारास मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या भट्टीत युनियन कार्बाईडचा अखेरचा कचरा जळाला आणि भोपाळचे विष संपल्याचे समाधान व्यक्त झाले. हे समाधान आम्हांला मान्य नाही. ३३७ टन कचरा हलला, हे खरे; परंतु कारखान्याच्या आवारातील दूषित माती आणि भोवतालच्या वस्त्यांचे नासलेले भूजल जागच्या जागीच राहिले. जे पोत्यांत भरता आले, तेवढेच गेले.

आमचे भांडण मुळात आपण शिकवतो त्या भूगोलाशी आहे. नकाशावर रासायनिक कारखाना म्हणजे एक ठिपका. कच्चा माल, पाणी, लोहमार्ग, मजूर अशी कारणे पाठ केली की विद्यार्थ्याला गुण मिळतात. त्या ठिपक्याला खेटून कोण राहतो, हे त्याला कोणी विचारीत नाही. विषयाचे नाव ‘मानवी भूगोल’; त्यातला मानव मात्र लोकसंख्येच्या रकान्यात शोधावा लागतो! आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले रसायनशास्त्राची पदवी घेऊन कारखान्यांत नोकरीस लागतात. त्यांच्यावर आमचा रोष नाही. त्यांना समीकरण शिकविले, शेजार शिकविला नाही, एवढीच आमची तक्रार आहे.

मिथिल आयसोसायनेट हे ‘सेव्हिन’ या कीटकनाशकाच्या निर्मितीतील मधले द्रव्य. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, द्रव्य तापून उकळले आणि सुमारे ४० टन विष हवेत गेले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. निसटता वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. हा वायू हवेहून जड. तो जमिनीलगत सरपटत, वाऱ्याबरोबर जुन्या शहरात शिरला. रस्त्यापलीकडे जयप्रकाश नगर, पुढे रेल्वे स्थानक. झोपड्यांच्या भिंतींना फटी, निजणारे भुईवर, पळणारे पायी. आणि धावणाऱ्याचा श्वास वाढतो, तसे विष अधिक आत जाते. नव्या भोपाळला याची झळ फारच कमी लागली. वारा गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हणतात. कारखान्याच्या कुंपणाशी घर कोणी बांधायचे, हे काही वाऱ्याने ठरविले नव्हते.

वस्ती कारखान्यानंतर आली, असा युक्तिवाद आजही ऐकू येतो. काही घरे नंतर आली असतील. पण मिथिल आयसोसायनेटचे उत्पादन तेथे १९८० साली सुरू झाले. जुने शहर आणि स्थानक त्याच्या कितीतरी आधीचे. हेच द्रव्य कंपनी अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावीही बनवीत असे. तेही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचे गाव! ऑगस्ट १९८५ मध्ये तेथे दुसऱ्या एका विषारी रसायनाची गळती होऊन शंभराहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले.

आता कचऱ्याचा प्रवास पाहा. तो अंकलेश्वरला जाळण्यास गुजरातने नकार दिला. नागपूरजवळच्या भट्टीचे नाव निघाले, तेव्हा आपल्या महाराष्ट्रानेही हात झटकले. जर्मनीला नेण्याचा बेत २०१२ साली बारगळला. या सर्वांचा नकार मानला गेला. जानेवारी २०२५ मध्ये बारा बंद कंटेनर पोलीस बंदोबस्तात सुमारे अडीचशे किलोमीटरवरील पीथमपूरला पोहोचले. तेथेही लोकांनी नकारच दिला होता. बंद पाळला गेला, लाठ्या चालल्या, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. तो नकार मात्र मोजला गेला नाही.

धुरातील द्रव्ये ठरलेल्या मर्यादेत होती, असे अधिकारी सांगतात. असतीलही. मग हेच काम नकार देऊ शकणाऱ्यांच्या अंगणात का झाले नाही? विषाची मात्रा मोजणारे शास्त्र आपल्याकडे आहे. ते कोणाच्या वाट्याला का येते, हे शोधणारा भूगोल आपल्या शाळा-महाविद्यालयांतून शिकविला गेला पाहिजे, आणि तोही रसायनशास्त्राच्या वर्गात.

जाळताना चुना व अन्य द्रव्ये मिसळावी लागल्याने उरलेली राख मूळ कचऱ्याहून वजनाने अधिक भरली. ती कोणाच्या गावाशेजारी पुरायची, हा वाद मग पुन्हा न्यायालयापुढे गेला.