आयत्या पिठावर रेघोट्या

प्रवासात स्वयंपाक शिकवणारे जे वर्ग हल्ली गावोगाव निघाले आहेत, त्यांच्याविरुद्ध मला बोलायचं आहे. विरोध शिकण्याला नाही, परक्या घरच्या चुलीपाशी बसण्यालाही नाही. विरोध आहे तो एका शब्दाला: 'हँड्स-ऑन'. जाहिरातीत तो हमखास असतो. तुम्ही नुसते बघणार नाही, स्वतःच्या हातानं कराल, असं तो सांगतो. माझं म्हणणं असं, की या वर्गांत पाहुण्याचे हात सगळ्यात कमी राबतात. आणि ज्यांचे खरोखर राबतात, त्यांच्यावर हा शब्द पडदा टाकतो. उदाहरण घेते कलकत्त्याच्या गार्डन रीचचं. तिथली बटाटा घातलेली बिर्याणी आज पर्यटकांना 'शिकवली' जाते, आणि त्या बिर्याणीच्या कथेत पहिल्यापासून सगळे भेटतात, फक्त रांधणारा भेटत नाही.

हा साचा सगळ्यात ठळक दिसतो तो थायलंडात. चिआंग माईत सकाळी गाडी हॉटेलवर न्यायला येते. आधी बाजार: गवती चहा, गलंगल, मक्रूट लिंबाची पानं हातात देऊन वास घ्यायला लावतात. मग एप्रन, खलबत्ता, करीचं वाटण, चार-पाच पदार्थ आणि जाताना पाककृतींची पुस्तिका. मिरची कुटतानाचा फोटो प्रत्येकाचा निघतो. थाय सरकारनं २००२ मध्ये 'ग्लोबल थाय' मोहीम काढून परदेशात थाय उपाहारगृहं वाढवायचं धोरण आखलं. त्याच्या कितीतरी आधी, १९३०-४० च्या दशकांत, फिबुन सोंगक्राम यांच्या राजवटीनं पाड थाय हा पदार्थ राष्ट्रीय म्हणून पुढे केला होता. म्हणजे पाहुणा 'पुरातन चव' म्हणून जे परतायला शिकतो, ते फार तर त्याच्या आजीच्या वयाचं असतं. यात थाय लोकांना मी दोष देत नाही. त्यांनी निदान देशाचं धोरण म्हणून, उघडपणे केलं. आपल्याकडे तोच साचा आला तो राजघराण्याची झूल पांघरून.

गार्डन रीच हा शहराच्या नैऋत्येचा, हुगळीच्या पूर्व काठावरचा भाग. कंपनीच्या साहेबलोकांचे बागबंगले नदीच्या या पट्ट्यात होते, त्यावरून हे नाव. त्यातला मटियाबुर्ज म्हणजे मातीचा बुरूज. मराठी माणसाला हे नाव समजावून सांगायला नको. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात वाजिद अली शाह कलकत्त्याला आले. १८५७ च्या धामधुमीत त्यांना सुमारे दोन वर्षं फोर्ट विल्यममध्ये ठेवलं. सुटल्यावर त्यांनी मटियाबुर्जात लहानसं लखनौच वसवलं: इमामबाडे, गवई, नर्तक, पतंगबाज, कबुतरं, वाघ-सिंहांसकट प्राणिसंग्रह. २१ सप्टेंबर १८८७ ला ते तिथेच वारले. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. त्यांच्यामागे लखनौहून जी माणसं आली, त्यांत बावर्चीही होते.

आता आजचा वर्ग. अशा एका वर्गाला मी गेले होते. तो मटियाबुर्जात नव्हता. दक्षिण कलकत्त्यातल्या एका नीटनेटक्या फ्लॅटमध्ये होता. नाव मात्र मटियाबुर्जाचं घेतलेलं. आम्ही सहाजण होतो. टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं: कांदा उभा चिरून, तळून, कागदावर पसरून कुरकुरीत केलेला. मटण आदल्या रात्री दह्यात मुरवून सकाळी शिजवलेलं. बटाटे सोलून, हळद-मीठ लावून, तळून तयार. तांदूळ कणी राहील इतपत शिजवून उपसलेला. आम्ही काय केलं? थर लावले. केशराचं दूध शिंपडलं. केवड्याचे चार थेंब टाकले, मीठा अत्तराचा एक. शेवटी हंडीच्या झाकणाला कडेनं कणीक लावली, आणि ती कणीकही मळलेलीच होती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली मी कधी पाहिली नव्हती.

आतल्या खोलीत एक बाई भांडी घासत होत्या. त्यांची ओळख कुणी करून दिली नाही. कांदा कुणी तळला, हे मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांनीच. चार तासांच्या वर्गात बिर्याणी येणारी ती बहुधा एकमेव व्यक्ती, आणि शिकवणाऱ्यांत तिची गणना नव्हती.

बिर्याणीतलं शिकण्यासारखं जे आहे, ते सगळं त्या मांडून ठेवलेल्या वाट्यांत संपलं होतं. पातेलंभर कांदा तळून वाटीभर होतो. तो एकसारखा चिरला नाही तर अर्धा करपतो, अर्धा मऊ राहतो. आणि हवा तो रंग येण्याच्या क्षणभर आधी काढावा लागतो, कारण बाहेर काढल्यावरही तो आपल्या उष्णतेनं गडद होत राहतो. तो क्षण सांगून कळत नाही. दोनदा कांदा कडू झाला की कळतो. तांदळात किती कणी ठेवायची, हे दाणा बोटांत दाबूनच समजतं, कारण पुढे दमात तो किती शिजेल हे मटणातल्या ओलीवर ठरतं. आपण 'हाताला चव आहे' म्हणतो, ती चव चुकण्याच्या सरावातून येते. वर्गानं नेमकी चुकण्याची जागाच काढून टाकली होती. सहाही हंड्या उत्तम झाल्या. उत्तम होणारच, बिघडवण्यासारखं आमच्या हाती काही दिलंच नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: चार तासांत आणखी काय होणार? माझं म्हणणं, चार तासांत कांदा तळायला शिकवा. तेवढंच शिकवा. तसा वर्ग कुणी काढला तर मी पुन्हा पैसे भरून जाईन. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली. ती समोर उघडून बसलेल्या नवख्या मुलीला कांदा स्वतःलाच चिरावा लागत होता. छापील पुस्तक कुणाचे हात उसने आणून देत नाही, म्हणून ते वाचकाला फसवतही नाही.

हंडी दमावर असताना गोष्ट सांगितली जाते, बटाट्याची. तिच्या दोन आवृत्त्या आहेत. पहिली अशी, की राज्य गेलं, पैसा आटला, म्हणून नवाबांनी मटणाची तूट बटाट्यानं भरली. दुसरी अशी, की बटाटा तेव्हा नवलाचा होता, म्हणून नवाबांनी तो हौसेनं घालवला. पहिलीला उत्तर सरळ आहे: नवाबांना वर्षाला बारा लाख रुपये पेन्शन होतं. वाघ पोसणाऱ्याला बकऱ्याचं मांस परवडत नव्हतं, हे पटत नाही. दुसरी आवृत्ती यजमानांना जास्त आवडते, कारण तिच्यात रुबाब आहे. पण दोन्हींत कर्ता एकच: नवाब. त्यांची गरिबी नाही तर त्यांची हौस. हंडीपाशी उभ्या असलेल्या माणसानं स्वतः काही ठरवलं असेल, ही शक्यता दोन्ही कथांत नाही.

मला तीच शक्यता सगळ्यात जवळची वाटते. पेन्शन नवाबांची होती, बावर्च्याची नव्हती. त्या वस्तीत खालपर्यंत हजारो तोंडं होती, आणि १८८७ नंतर तो दरबार मोडला, वास्तू विकल्या गेल्या. दरबारी बावर्च्याला गिऱ्हाइकासाठी रांधायची वेळ आली, की हंडी पुरवायची कशी हा त्याचा प्रश्न होतो. बटाटा रस्सा पितो, दमात टिकतो आणि पोट भरतो. हा निर्णय कसबी माणसाचा दिसतो. तो गरिबीचा पुरावा नाही आणि राजेशाही लहरही नाही.

शिवाय ही 'लखनौची शाही बिर्याणी' असं जे सांगतात, त्यांनी अब्दुल हलीम शरर वाचावेत. शररांचं बालपण मटियाबुर्जातच गेलं. त्यांच्या 'गुजिश्ता लखनऊ'मध्ये लिहिलं आहे की दिल्लीत बिर्याणीची आवड, लखनौचा ओढा पुलावाकडे. त्याच पुस्तकात असफुद्दौलांच्या काळातल्या एका स्वयंपाक्याची हकीकत आहे. तो फक्त उडदाची डाळ करायचा. पगार मागितला महिना पाचशे रुपये, आणि अट घातली: डाळ तयार झाली की नवाबांनी तत्काळ जेवायला बसायचं. एकदा नवाब रेंगाळले. त्यानं डाळ एका वाळक्या झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि नोकरी सोडून चालता झाला. पुढे ते झाड पालवलं, असं सांगतात. झाडाचं राहू द्या. नवाबाला वेळ पाळायला लावणारा हा माणूस, पण हकिकतीत त्याला नाव नाही. म्हणजे ही रीत जुनीच आहे. आजच्या वर्गानं फक्त तिचं तिकीट लावलं.

आता दुसरी बाजू. अशा वर्गांमुळे घरातल्या बायकांना स्वतःची कमाई मिळते, जुनी घराणी आपली चव टिकवतात, पाहुणा अदबीनं येतो. हे खरं आहे आणि त्या कमाईवर माझा आक्षेप नाही. पण बायकांच्या रांधण्याला दाम मिळवून देण्याचा रस्ता आपल्याकडे फार आधी निघाला होता. मुंबईच्या गिरणगावात गिरणीकामगारांना डबे पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळू लागलं. तिथे रांधणं हे श्रम म्हणून मोजलं गेलं. ते कुणाच्या वारशाच्या, वंशावळीच्या नावानं विकावं लागलं नाही. कलकत्त्याच्या त्या फ्लॅटमध्ये पैसा वारशाला मिळत होता. श्रम मागच्या खोलीत होते.

आणि ज्या वस्तीचं नाव विकलं जातं, तिला काय मिळतं? मटियाबुर्ज आज शिंप्यांची वस्ती आहे. तयार कपड्यांचा मोठा घाऊक बाजार तिथे भरतो. पर्यटक तिथे क्वचित जातो. मार्च २०२४ मध्ये गार्डन रीचमधली बांधकाम चालू असलेली एक बेकायदा पाचमजली इमारत रात्री शेजारच्या झोपड्यांवर कोसळली. दहाहून जास्त माणसं गेली. तेवढे दिवस हे नाव बातम्यांत होतं. एरवी ते मेनूकार्डावर असतं. वस्तीची चव दक्षिणेकडच्या बैठकीत, आणि वस्तीची पडझड वस्तीपाशीच, ही वाटणी मला मान्य नाही.

खाणं प्रवास करतं ते कसं, हेही याच काठावर बघता येतं. नवाब मटियाबुर्जात राहत होते तेव्हा गार्डन रीचमध्ये करारावर परदेशी धाडायच्या मजुरांचे डेपो होते. १८७३ मध्ये 'लल्ला रुख' हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन सुरिनामला गेलं. त्रिनिदादला जाणारी जहाजं १८४५ पासून सुटत होती. त्या माणसांपाशी पुस्तिका नव्हती, एप्रन नव्हता. त्रिनिदादमध्ये आज दालपुरी घरोघरी आणि रस्तोरस्ती खातात, ती त्यांच्या हातांतून गेली. ऊसमळ्यात दिवसभर राबून आल्यावर जी रांधली, तीच टिकली.

हे सगळं कलकत्त्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही. कोकणात सुट्टीला गेलेल्यांना उकडीचे मोदक 'शिकवले' जातात; उकड काढलेली, चव शिजवलेली, पाहुण्यानं फक्त पाकळ्या चिमटायच्या. आणि शिकवायला निवडलं जातं तेही ठरावीक घरांतलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं, ते का आणि कसं शिजलं, हे त्यात आहे. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. त्या स्वयंपाकघराचा पर्यटकांसाठी वर्ग मी कुठे पाहिला नाही. ज्या चुलीवर टंचाईतून कौशल्य जन्माला आलं, ती चूल सहलीत बसत नाही. नवाबाची टंचाई मात्र बसते, कारण ती नवाबाची असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वर्ग काढा, पण जिनं कांदा तळला तिला पुढे बसवा, तिचं नाव सांगा आणि फीतला तिचा वाटा जाहीर करा. नवाबाची गोष्ट गोष्ट म्हणून सांगा. मटियाबुर्जाचं नाव घेत असाल तर वर्ग मटियाबुर्जात भरवा. आणि पाहुण्याला खरकटी देग घासायला लावा. तळाशी काय लागलं हे घासतानाच कळतं, आणि पुढच्या वेळी आच किती ठेवायची हे तिथूनच शिकता येतं.

जे प्रवासाला निघाले आहेत, त्यांनी पैसे भरण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारावा: कांदा कोण चिरणार? उत्तर 'तुम्ही' असं आलं तर जरूर जावं. 'त्याची काळजी करू नका, सगळं तयार असतं' असं आलं, तर ते पैसे एखाद्या खानावळीत द्यावेत, पोटभर जेवावं, आणि रांधणाऱ्याचं नाव विचारून मगच उठावं.