प्रत्यारोपणानंतरचे १०० दिवस कोणाच्या भरवशावर?

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, मूल घरी आले की नातेवाईकांना वाटते, संकट टळले. आई-वडिलांची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते.

नव्या पेशी रुजल्या तरी प्रतिकारशक्ती सावरायला अनेक महिने लागतात. पहिले १०० दिवस विशेष जोखमीचे. पाणी उकळलेले, जेवण ताजे, औषधे ठरल्या वेळी. ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. पुरळ, जुलाब, पिवळे डोळे दिसले तरी तेच. शाळा बंद, पाहुणे बंद. खेळायला निघालेल्या मुलाला रोज ‘नाही’ म्हणायचे. पुढे बालपणीच्या लसीही पुन्हा द्याव्या लागतात.

गडचिरोलीहून मुंबईत आलेल्या कुटुंबाला यासाठी रुग्णालयाजवळ खोली घ्यावी लागते. एकाची मजुरी बुडते, धाकटे भावंड गावी आजीकडे राहते. थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाची योजना १० लाख रुपयांपर्यंत मदत देते. पण खोलीचे भाडे आणि बुडालेला रोज बहुधा कुटुंबाच्याच माथी येतो.

घरची ही काळजी म्हणजे उपचारच. मग तिचा खर्चही उपचाराच्या खर्चातच धरायला हवा.