वेताची वृत्ति

रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूच्या दिग्विजयाचें वर्णन आहे. त्यांत सुह्म देशच्या लोकांनीं वेताची वृत्ति धरून आपला जीव वांचविला, असें कालिदास सांगतो. नदीच्या लोंढ्यापुढें ताठ वृक्ष उन्मळून पडतो; वेत लवतो आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभा राहतो. आमच्या तुकोबांचें लव्हाळेंहि याच कुळांतलें. बत्तीस वर्षांच्या शाळामास्तरकींत हा श्लोक आम्हीं किती मुलांकडून घोकून घेतला, याची गणतीच नाहीं. परंतु आमच्या स्वतःच्या खांद्यांना व मनगटांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, हें आम्हांस सहासष्टाव्या वर्षीं कळलें; आणि तें दाखवून देणारे गुरु आमचे चिरंजीवच निघाले. ती हकीकत आज वाचकांस सादर करीत आहों.

गेल्या वर्षीं श्रावणांत विहिरीच्या कांठीं शेवाळावरून आमचा पाय घसरला. हाड मोडलें नाहीं, पण धीर मोडला. ओटीच्या दोन पायऱ्या उतरतांनाहि भिंत धरावीशी वाटे. चिरंजीव रोज वसईहून मुंबईस नोकरीला जातात आणि तेथें कांहीं वर्षें 'ताई ची' नांवाचा चिनी व्यायाम शिकत आहेत. तो आम्ही करून पाहावा असें त्यांनीं सुचविलें. आम्ही सूर्यनमस्कारांत वाढलेले. आम्हांस हंसूं आलें. तेव्हां त्यांनीं एक आधार पुढें ठेवला. अमेरिकेंत कंपवाताच्या १९५ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २०१२ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्यें प्रसिद्ध झाला आहे. नुसते स्नायु ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षां सहा महिने ताई ची करणाऱ्यांचा तोल अधिक सुधारला व त्यांचें पडणेंहि कमी झालें, असें त्यांत दिसून आलें. पुराव्यापुढें मास्तरानें मान तुकविलीच पाहिजे.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. यांतील 'ची' म्हणजे प्राण, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. प्राण या अर्थाचा चिनी शब्द निराळा. 'ताई ची' म्हणजे परम सीमा, ज्या मूळ तत्त्वापासून स्थिर-चल, मृदु-कठिण हीं द्वंद्वें निघतात तें. ही विद्या चीनच्या हनान प्रांतांत चेन घराण्याच्या गांवीं सतराव्या शतकांत आकाराला आली. यांग लूछान (१७९९–१८७२) यांनीं ती बीजिंगला नेली, आणि त्यांचे नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) यांनीं तिला सावकाश, सर्वांस झेपेल असें रूप दिलें. १९५६ सालीं चीनमध्यें चोवीस हालचालींचा संक्षिप्त पाठ तयार झाला. नवशिके बहुधा तोच शिकतात. मूळची ही मल्लविद्या, हें मात्र विसरूं नये.

तत्त्वें सांगावयास थोडीं, आचरावयास अवघड. मस्तक जणूं वरून दोरीनें धरलेलें असावें. खांदे व कोपर खालीं सोडलेले असावेत. कंबर सैल असावी व प्रत्येक हालचाल कंबरेंतून निघावी. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून ठोंब्यासारखें उभें राहूं नये. एक पाय भरलेला, दुसरा रिता, आणि एकांतील भार दुसऱ्यांत पाणी ओतावें तसा सावकाश जावा. आम्हांस पतंजलींची आठवण झाली. आसनाच्या लक्षणांत त्यांनीं स्थैर्य आणि सुख हीं दोन्ही मागितलीं आहेत, आणि तें साधण्यासाठीं प्रयत्न शिथिल करावयास सांगितलें आहे. चार महिन्यांत आमची भिंत सुटली. आम्हांस वाटलें, विद्या आली.

मग एका रविवारीं चिरंजीव म्हणाले, "बाबा, आतां जोडीनें करूं." या जोडीच्या अभ्यासाला चिनी भाषेंत 'तुईशौ', म्हणजे हात ढकलणें, म्हणतात. आपल्या आखाड्यांत सलामीनंतर खडाखडी होते, दोघे मल्ल हातांनीं एकमेकांचें बळ चांचपतात, त्याचेंच हें सौम्य भावंड. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली. त्यांत लांकडी खांब हा जणूं प्रतिमल्लच. पण खांब आपणहून ढकलीत नाहीं. माणूस ढकलतो, आणि परीक्षा तेथेंच होते.

कृति साधी आहे. दोघांनीं समोरासमोर उजवा पाय पुढें टाकून उभें राहावें व उजव्या मनगटाला मनगट लावावें. एकानें दुसऱ्याच्या छातीच्या रोखानें हळूं ढकलावें. दुसऱ्यानें हात न सोडतां भार मागच्या पायावर न्यावा, कंबर वळवावी आणि तें बळ बाजूनें जाऊं द्यावें. मग त्यानें ढकलावें. असें चक्र फिरत राहतें. यांत दोष मुख्यतः दोन. बळाला बळानें अडविणें हा एक. स्पर्श सोडून निसटणें हा दुसरा. या दोहोंमध्यें राहून दुसऱ्याच्या हातांतून त्याचा हेतु ओळखणें याला ते लोक 'ऐकणें' म्हणतात. कानानें नव्हे, त्वचेनें ऐकणें!

आम्ही अंगणांत उभे राहिलों. क्षणभरानें चिरंजीव म्हणाले, "बाबा, मीं अजून ढकललेंच नाहीं. तुम्ही आधींच अडवीत आहां."

आम्हीं खालीं पाहिलें. हात लांकडासारखा ताठ होता. पुन्हा केलें, पुन्हा तेंच. शेवटीं त्यांनीं हात खालीं घेतला व म्हटलें, "पहिला दोष तुमचा, दुसरा माझा." बोलणें व्यायामाचें होतें, पण दोघांसहि समजलें कीं तें केवळ व्यायामाचें नव्हतें.

दोन वर्षांपासून आमच्या घरांत एक विषय अडून बसला होता. वसईंतील हें कौलारू घर आमच्या वडिलांनीं बांधलेलें. तें बिल्डरास देऊन त्या जागीं होणाऱ्या इमारतींत वरच्या मजल्यावर राहावें, असें चिरंजीवांचें म्हणणें. त्यांनीं तोंड उघडलें कीं आमचें उत्तर तयार असे. पुढें त्यांनीं तोंड उघडणेंच सोडलें. आम्हांस तो आमचा विजय वाटला होता.

त्या दिवशीं आम्ही ओटीवर बसलों व म्हटलें, "सांग. आम्ही मध्यें बोलणार नाहीं." तेव्हां कळलें तें असें. २०१८ च्या जुलैंत वसईंत पाणी भरलें, आगगाड्या बंद पडल्या, तेव्हां चिरंजीव मुंबईस अडकले होते. इकडे माजघरांत गुडघाभर पाणी, वीज नाहीं, फोन लागत नाहीं. ते दोन दिवस त्यांनीं कसे काढले, हें त्यांनीं आम्हांस कधींच सांगितलें नव्हतें. आम्ही समजत होतों मुलाला पैशाचा मोह पडला. त्याला भय पडलें होतें आईबापांचें.

घराचा निर्णय अजून झालेला नाहीं. आमच्या कुटुंबाला विहीर व तुळस सोडवत नाहीं. आम्हांसहि सोडवत नाहीं. वेत लवतो तरी मूळ सोडीत नाहीं, हेंहि खरेंच. पण आतां जोत्याची उंची, पाण्याची वाट, कागदपत्रें यांविषयीं बोलणें होतें, आणि कोणी उठून जात नाहीं.

ज्यांस हा अभ्यास करावयाचा असेल त्यांनीं जाणत्याकडून शिकावा, चक्कर येत असल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि आरंभीं खुर्ची जवळ ठेवावी. जोडीदार मात्र, जमल्यास, असा निवडावा कीं ज्याचें ऐकावयाचें पुष्कळ दिवस राहून गेलें आहे. आमचा हात अजून ताठ होतो. चिरंजीव तेवढें म्हणतात, "बाबा, खांदा." आणि आम्ही तो खालीं सोडतों.