एप्रिलचा भोपळा

आयपीएलचे पहिले चार सामने झाले की कट्ट्यावर निकाल लागलेला असतो. अमुक संपला, तमुकला बसवा, इतके कोटी पाण्यात गेले. नेमक्या त्याच दिवसांत तिकडे अमेरिकेत बेसबॉलचे चाहतेही हाच उद्योग करत असतात. मेजर लीगचा सीझन मार्चअखेरीस सुरू होतो. एकेका टीमचे १६२ सामने असतात आणि एप्रिल संपतो तेव्हा त्यातले जेमतेम तीस झालेले असतात. पण हुर्यो उडवायला तेवढे पुरतात.

२० एप्रिल २०२४ची गोष्ट घ्या. न्यूयॉर्क यांकीजचा कॅप्टन आरन जज आपल्याच घरच्या मैदानावर चार वेळा स्ट्राइकआउट झाला आणि आपल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. हा तोच जज, ज्यानं दोन वर्षांपूर्वी ६२ होमरन ठोकून अमेरिकन लीगचा विक्रम मोडला होता आणि ज्याच्याशी क्लबनं नऊ वर्षांचा, ३६ कोटी डॉलरचा करार केला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याची सरासरी .२१०च्या आसपास घुटमळत होती. मग एकट्या मे महिन्यात त्यानं १४ होमरन मारले. सीझन संपला तेव्हा सरासरी .३२२, होमरन ५८, आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब एकमतानं. हुर्यो उडवणारे बहुतेक तोवर त्याच्या नावाची जर्सी घालून फिरत असणार!

आता हे .२१० काय प्रकरण आहे, ते बघू. आपल्याकडे सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले किती वेळा आउट. बेसबॉलमध्ये ती म्हणजे हिट भागिले संधी. चार संधींत एक हिट तर .२५०. हल्ली अख्ख्या लीगची सरासरी .२४० ते .२५०च्या दरम्यान असते आणि .३०० गाठणारा स्टार समजला जातो. गंमत म्हणजे हा आकडा लोकप्रिय करणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, आणि बेसबॉलकडे वळण्याआधी तो क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. तेव्हा सरासरीचं हे वेड दोन्हीकडे एकाच घराण्यातून आलंय म्हणा ना.

एप्रिलअखेरपर्यंत नियमित हिटरला साधारण शंभर संधी मिळतात. म्हणजे .२५०वाला आणि .३००वाला यांच्यात तोवर फरक असतो फक्त पाच हिटचा. एक चेंडू फिल्डरच्या ग्लव्हच्या बोटभर बाहेरून गेला, एक हळू घरंगळला, एक वाऱ्यानं अडवला, की झाले पाच. त्यात एप्रिलमध्ये शिकागो, बॉस्टनकडे चांगलीच थंडी असते आणि थंड हवेत चेंडू कमी लांब जातो.

हवं तर घरी करून बघा. चार चिठ्ठ्या घ्या, एकीवर ‘हिट’ लिहा, आणि शंभर वेळा एक चिठ्ठी काढून परत टाका. पंचवीस हिट यायला हव्यात ना? पण पाचातल्या एकाला वीसपेक्षा कमी किंवा तीसपेक्षा जास्त मिळतील. चिठ्ठ्या काही फॉर्म गमावत नाहीत, तरी! बेसबॉलच्या टीममध्ये नऊ हिटर असतात. म्हणजे कुणाचंही काहीही बिघडलेलं नसताना, निव्वळ नशिबानं, एक-दोघांचे एप्रिलचे आकडे विचित्र दिसणारच. त्यातला जो खाली गेलेला दिसतो, त्याच्या नावानं शिमगा सुरू होतो.

मग चाहत्यांनी तोंडाला कुलूप लावून ऑगस्टची वाट बघायची का? छे. तसं केलं तर खेळ बघायचा कशाला? फक्त दुसरे आकडे बघायचे. २०१५पासून मेजर लीगच्या प्रत्येक मैदानावर बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग मोजला जातो आणि तो लीगच्याच साइटवर कुणालाही फुकट बघता येतो. ताशी साधारण १५३ किलोमीटरच्या पुढचा फटका ‘जोरदार’ धरतात. हिटर जोरदार मारतोय, पण फिल्डरच्या हातात जातंय, तर ते दुर्दैव. ते सहसा पुढे फिटतं. वाईट चेंडू सोडून तो फुकटात पहिल्या बेसवर चालत जातोय का, तेही पाहायचं, कारण त्यातून नजर शाबूत आहे की नाही ते कळतं. आणि सगळ्यात लवकर खरं बोलणारा आकडा म्हणजे स्ट्राइकआउट. सरासरी खरी मानायला शेकडो संधी लागतात, पण बॅटला चेंडू लागतोय की नाही, याचा अंदाज साठेक संधींतही येऊ लागतो. स्ट्राइकआउटमध्ये फिल्डर नाही, वारा नाही, नशीब फारसं नाही. फक्त पिचर आणि तुम्ही.

हे कळायला बाल्टिमोरसारखं शहर नाही. तिथल्या ओरिओल्सच्या चाहत्यांनी पाच वर्षांच्या अंतरानं दोन एप्रिल पाहिले, आणि दोन्ही वाचायला अवघड होते.

दुसरा आधी सांगते. जॅक्सन हॉलिडे, २०२२च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, १० एप्रिल २०२४ला मेजर लीगमध्ये उतरला तेव्हा वीस वर्षांचा होता. तुमच्यापैकी कित्येकांच्याच वयाचा. चाहते महिनाभर ‘त्याला खेळवा, त्याला खेळवा’ म्हणून मागे लागले होते. दहा सामन्यांत ३४ संधी, २ हिट. क्लबनं त्याला खालच्या लीगमध्ये नॉरफोकला परत पाठवलं. ‘दहा सामन्यांत काय कळतं?’ असा सूर निघाला, आणि वर सांगितलेल्या हिशेबानं तो बरोबरच वाटतो. पण मला क्लबचं पटतं. कारण .०५९ ही सरासरी नाही, तर १८ स्ट्राइकआउट. जवळपास निम्म्या वेळा त्याच्या बॅटला चेंडू लागतच नव्हता. हे दुर्दैव नव्हतं, अभ्यास अपुरा होता, आणि तो अभ्यास चाळीस हजार लोकांसमोर करायला लावणं त्याच्यावर अन्यायच झाला असता. ३१ जुलैला तो परतला आणि त्याच दिवशी तिन्ही बेस भरलेले असताना त्यानं कारकिर्दीतला पहिला होमरन ठोकला. त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. तो सीझन त्यानं .२००च्या खालीच संपवला. सूर लागायला पुढचं वर्ष उजाडलं.

आता पहिला एप्रिल, २०१९चा. ख्रिस डेव्हिस. यानं २०१३ला ५३ आणि २०१५ला ४७ होमरन मारले होते आणि दोन्ही वर्षी तो लीगमध्ये पहिला होता. त्यावर क्लबनं त्याच्याशी सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. २०१९च्या सुरुवातीला ३३ संधींत त्याचा भोपळाच फुटला नाही. आधीच्या सप्टेंबरमधल्या २१ धरल्या तर सलग ५४, म्हणजे मेजर लीगचा विक्रम. १३ एप्रिलला बॉस्टनमध्ये अखेर एक हिट पडली आणि त्यानं तो चेंडू आठवण म्हणून मागून घेतला.

३३ संधी म्हणजे जवळपास हॉलिडेइतक्याच. मग इथे चाहत्यांनी ‘हा संपला’ म्हटलं ते घाईचं होतं का? नव्हतं. पण ते एप्रिलमुळे नाही. २०१८मध्ये पूर्ण सीझन खेळून डेव्हिसची सरासरी .१६८ होती. पुरेशा संधी मिळालेल्या कुठल्याही हिटरची मेजर लीगच्या इतिहासातली ती नीचांकी सरासरी. वेगवान चेंडूपर्यंत बॅट वेळेत पोहोचत नव्हती आणि वय तेहतीस झालं होतं. एप्रिलनं नवीन काहीच सांगितलं नाही, आधीपासून दिसत असलेलं पुन्हा दाखवलं. जजच्या मागे ६२ होमरन उभे होते, डेव्हिसच्या मागे .१६८. एकाच महिन्याचा सारखाच वाईट आकडा, पण त्याच्या पाठीमागे काय उभं आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. जजची हुर्यो उडवणाऱ्यांनी नेमकं तेवढंच पाहिलं नव्हतं.

बाकी हुर्योबद्दल म्हणाल, तर तिकीट काढून आलेल्या माणसाला ओरडायचा हक्क आहे, हे मला मान्य. पण डेव्हिसच्या बाबतीत ओरडा बराचसा पैशांवर होता. आणि पैसे तर क्लबनं राजीखुशीनं, ४७ होमरनांकडे बघून दिले होते. तो दर सामन्याला बॅट घेऊन येत होता. त्याला खेळवायचं की बसवायचं, हे ठरवणारे वर काचेच्या केबिनमध्ये बसले होते, आणि त्यांच्या नावानं कुणी ओरडत नव्हतं.

२०१९ डेव्हिसनं .१७९वर संपवलं. ऑगस्ट २०२१मध्ये तो निवृत्त झाला. करारातली काही रक्कम मात्र नंतर हप्त्यांनी द्यायची ठरली होती, आणि ते हप्ते २०३७पर्यंत चालणार आहेत. बाल्टिमोरहून त्याचा शेवटचा चेक निघेल तेव्हा जॅक्सन हॉलिडे तेहतीस वर्षांचा असेल.