रात्रपाळीचा माणूस आणि नदीचे पाणी




साखर कारखान्याचे मळीमिश्रित पाणी नदीत गेले, मासे मेले, की आपली चर्चा दोन गोष्टींवर येऊन थांबते : प्रदूषण मंडळाची नोटीस आणि नवी यंत्रणा. दोन्ही हव्यातच. पण यंत्रणेजवळ रात्री उभा असतो तो पाळीचा कामगार. सांडपाण्याची टाकी काठोकाठ आली तर तो चीफ केमिस्टला झोपेतून उठवतो, की मुकाट्याने व्हॉल्व्ह सोडतो, हे कारखान्यातल्या माणसांचा एकमेकांवर किती भरवसा आहे यावर ठरते. या भरवशाला अभ्यासक सामाजिक भांडवल म्हणतात. ताळेबंदात त्याला रकाना नाही, म्हणून ते कुणी जपतही नाही.

हा भरवसा कारखान्याबाहेर, शेतातही लागतो. सदलग्याहून दूधगंगा ओलांडली की शिरोळ तालुका लागतो. उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिल्याने तिथली काळी रानं क्षारपड झाली. श्री दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेऊन अशा हजारो एकरांवर जमीन सुधारण्याचे काम हाती घेतले. जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून खारे पाणी मुख्य पाईपने ओढ्यापर्यंत न्यायचे, अशी ही पद्धत. वरच्या शेतकऱ्याचे पाणी खालच्याच्या रानातूनच जाणार. मधल्या एकाने आडकाठी केली तर साऱ्यांचे काम अडते. पैसा आणि इंजिनिअर कुठूनही आणता येतात. पण ज्याच्या वजनकाट्यावर भरवसा नाही, त्या कारखान्याच्या शब्दावर आपले रान कोण खणू देईल?

यावर कुणी म्हणेल, कायदा कडक करा, भरवशाचे काय घेऊन बसलात? अधिकारी पाहणीला एखादा दिवस येतो. गळीत हंगाम मात्र महिनोन् महिने रात्रंदिवस चालतो. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. त्यातून शाळेला खोल्या मिळतात, पण कामगाराला साहेबासमोर खरे बोलण्याचा धीर मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आपल्याकडे कारखान्यातली जवळीक म्हणजे बहुधा पॅनेल, गट आणि पाहुणेरावळे. अशी एकी पाप झाकायलाच उपयोगी पडते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळीच एकी अशी नसते. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी इटलीतील प्रांतांचा अभ्यास 1993 साली मांडला, त्यात एकीएकीतला हा फरक दिसतो : बरोबरीच्या नात्याने लोक एकत्र येत, तिथला कारभार सुधारला, धनी आणि आश्रित असे नाते होते, तिथला मागे राहिला. तेव्हा एकी कशी आहे हे ओळखायचे तर एवढेच पाहावे, की वाईट बातमी वर नेणाऱ्याची बदली होते की त्याचे ऐकले जाते.

म्हणून सीमाभागातल्या सगळ्या कारखान्यांनी येत्या वार्षिक सभेत सांडपाण्याची पाळीवार नोंदवही सभासदांसमोर ठेवावी, तिच्यावर कामगारांनाही बोलू द्यावे, आणि हा विषय ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात उरकू नये.

— एक वाचक, सदलगा (ता. चिक्कोडी, जि. बेळगाव)