चॉटनचे घर कोणाचे?

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात चॉटन नावाचे जुने गाव आहे. तेथे सोळाव्या शतकातला एक प्रशस्त वाडा आहे, भोवती विस्तीर्ण बागा. जेन ऑस्टेनचा भाऊ एडवर्ड श्रीमंत नातलगांकडे दत्तक गेला आणि या वाड्याचा धनी झाला. १८०५ मध्ये वडील वारले. आई व दोघी बहिणींना मात्र हक्काचे छप्पर नव्हते. बिऱ्हाडे बदलत काढलेल्या चार वर्षांनंतर, १८०९ मध्ये, भावाने त्यांना गावातलेच एक लहान घर राहायला दिले. दिले म्हणजे वापरायला, नावावर नव्हे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा (१८१३) अखेरचा हात याच घरात फिरला. मुलगा नाही म्हणून बेनेटांचे घर दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार, हा त्या कादंबरीचा पाया. आपण वर्गात ती प्रेमकथा म्हणून शिकवतो आणि मुलींच्या लग्नांसाठी धडपडणाऱ्या मिसेस बेनेटला हसतो. आम्हीही वर्षानुवर्षे हसवले. वस्तुतः घराचा हिशोब तिलाच कळला होता, असे आमचे मत झाले आहे.

यंदा आम्ही चर्चेची सुरुवात वारसाहक्कापासून केली. माहेरच्या सातबाऱ्यावर आपले नाव आहे का, हे वर्गातल्या अनेक मुलींना ठाऊक नव्हते.