लॉनला झोपू द्या ना!

मे महिन्याचा शेवट. एसी फुल्ल, कलिंगडं संपत आलेली आणि वीकएण्डला फार्महाऊसवर जावं तर लॉन पिवळं! मग काय, स्प्रिंकलर सुरू, तेही रोज दोन वेळा. पाणी पुरेना? बोलवा टँकर! थांबा मंडळी, तुमचं लॉन मेलेलं नाहीये. ते झोपलंय.

माझं गाव मोताळा. बुलडाण्याहून मलकापूरकडे निघालात की राजूर घाट उतरल्यावर लागतं. कपाशीची काळी माती, मे महिन्यात चाळिशी ओलांडलेला पारा आणि जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा. अशा रानातही एक गवत ठाण मांडून असतं... हरळी! गणपतीला आपण जिच्या जुड्या वाहतो ती दुर्वा हीच आणि जगभरच्या लॉनवाल्यांचं लाडकं 'बर्म्युडा ग्रास'ही हीच. शेतकऱ्याला मात्र ती नकोशी. माझी मामी तर सरळ विचारते, "आमी जे निंदून बांधावर फेकतो, ते तुमी पैसे देऊन कायले लावता वं?"

मामीच्या या नावडतीकडूनच शिकायचंय. पाणी तुटलं की हरळी पाती वाळवून टाकते आणि जीव जमिनीखालच्या कांड्यांत राखून ठेवते. मृगाच्या सरी आल्या की काही दिवसांत पुन्हा हिरवीगार! म्हणजे जूनच्या तोंडावर तिला जबरदस्तीनं हिरवं ठेवण्याचा आपला अट्टहास कोणासाठी? शेजाऱ्यांसाठी?

आता जरा हिशेब. १००० चौरस फूट लॉनला आठवड्याला एक इंच पाणी द्यायचं तर सुमारे २३०० लिटर लागतात. जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे सहा माणसांच्या घराचं आठवड्याचं अख्खं पाणी तुमचं लॉन एकटं पिऊन टाकतं! झोपलेल्या हरळीला दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणीही तग धरायला पुरतं.

तेव्हा पावसापर्यंतचा फंडा सिम्पल आहे...

* रोज शिंपडणं बंद. वरवरच्या पाण्यानं मुळं वरच राहतात आणि लाडावतात. द्यायचं तेव्हा खोल मुरेल असं द्या.
* पहाटे द्या. दुपारी बरंच उडून जातं आणि रात्रभर पाती ओली राहिली की बुरशी आलीच.
* अर्धा इंच कळणार कसा? लॉनवर दोन-चार रिकामे डबे ठेवा, स्प्रिंकलर लावा आणि पट्टीनं मोजा.
* काळ्या मातीत थांबून थांबून पाणी द्या. भेगा मिटल्या की ती पाणी हळू पिते, बाकीचं वाहून जातं.
* कटिंग उंच ठेवा. युरिया पाऊस पडेपर्यंत कपाटात!

हां, नुकतंच लावलेलं लॉन एवढं चिवट नसतं. त्याला नियमित पाणी लागणारच. म्हणूनच नवं लॉन मे महिन्यात लावूच नका. जुलै आहे की!

हे सगळं कशासाठी? आमच्या तालुक्यात नळगंगा धरण आहे. तिथपर्यंत वैनगंगेचं पाणी आणायला गोसीखुर्दपासून सुमारे ४२६ किलोमीटरचे कालवे खोदायचे, या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये मंजुरी दिली. एका टोकाला पाण्यासाठी विदर्भ आडवा पार करायची तयारी आणि दुसऱ्या टोकाला आपण गवतासाठी टँकर बोलावणार... काही जमत नाही ना?

यंदा पाहुण्यांनी पिवळ्या लॉनकडे बघून नाक मुरडलं, तर बिनधास्त सांगा, "हळू बोला, झोपलंय ते. मृगात उठेल!"